मधुमेहाच्या मधल्या वर्षांना वाली कोण?

राजधानीत योजनांचा तुटवडा कधीच नसतो आणि योजनांच्या आकड्यांचा तर मुळीच नसतो. १७ मे २०२३ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने असाच एक संकल्प सोडला. रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्या साडेसात कोटी लोकांना २०२५ पर्यंत प्रमाणित उपचारांच्या कक्षेत आणावयाचे, असा तो संकल्प होता. मार्च २०२५ मध्ये सरकारने त्याचा हिशेब मांडला. रक्तदाबाचे ४ कोटी २० लाख आणि मधुमेहाचे सुमारे २ कोटी ५३ लाख रुग्ण उपचाराखाली आले असून उद्दिष्टाचा ८९.७ टक्के भाग पूर्ण झाला आहे, असे सांगण्यात आले. वर्ष संपण्यास नऊ महिने बाकी असताना एवढी मजल मारणारी सरकारी मोहीम विरळाच. तिचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

प्रश्न आहे तो ‘उपचाराखाली’ या शब्दाचा. न्यूमोनियाचा रुग्ण उपचाराखाली आला, त्याने ठरलेले दिवस औषधे घेतली आणि तो बरा झाला, की हिशेब मिटतो. मधुमेहाचा हिशेब असा मिटत नाही. चाळिशीत निदान झालेल्या माणसाला पुढची तीस वर्षे गोळ्या, पथ्य आणि तपासण्या यांच्या सोबतीने काढावयाची असतात. सरकारी पोर्टलवर त्याच्या नावापुढे एकदा नोंद झाली, म्हणजे त्या तीस वर्षांतला पहिला दिवस पार पडला, एवढेच. उरलेल्या दिवसांची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाला आजच्या आरोग्यव्यवस्थेत नीट उत्तर नाही. रुग्णालयांमधील मधुमेहाची विशेष क्लिनिके हे त्याचे उत्तर व्हावयास हवे होते. ती तशी का होऊ शकली नाहीत, याचे कारण वैद्यकशास्त्रापेक्षा राजकारणात अधिक सापडते.

प्रथम या आजाराचा पसारा पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९७२ ते १९७५ या काळात दिल्ली, पुणे आदी सहा केंद्रांत केलेल्या पाहणीत मधुमेहाचे प्रमाण शहरांत २.१ टक्के आणि खेड्यांत १.५ टक्के आढळले होते. त्याच परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा प्रौढांमधील प्रमाण ११.४ टक्क्यांवर गेले होते. देशात मधुमेही १० कोटी १० लाख आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले १३ कोटी ६० लाख, असा तो अंदाज होता. या यादीत गोवा २६.४ टक्क्यांसह सर्वांत वर आणि उत्तर प्रदेश ४.८ टक्क्यांसह सर्वांत खाली होता. मात्र उत्तर प्रदेशात उंबरठ्यावर उभे असलेले तब्बल १८ टक्के होते. गोव्याचा आज हा उत्तर प्रदेशचा उद्या ठरू शकतो, असेच ही तुलना सुचविते. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका जागतिक अभ्यासाने निदानाचे वेगळे निकष लावून भारतातील मधुमेहींची संख्या २१ कोटींच्या घरात नेली आणि तिशीवरील १३ कोटी ३० लाख लोक उपचारांविना असल्याचे म्हटले. निकषांवर तज्ज्ञांनी वाद जरूर घालावा. परंतु लहान आकडा धरला तरी सरकारी नोंदीतील अडीच कोटी म्हणजे जेमतेम चौथा हिस्सा होतो. उरलेल्यांपैकी कित्येक खासगी डॉक्टरांकडे जातात, कित्येक कोठेच जात नाहीत आणि कित्येकांना आपल्याला आजार आहे हेच ठाऊक नसते.

ज्यांना ठाऊक आहे, त्यांची अवस्था तरी काय? याच देशव्यापी अभ्यासाचा २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक भाग सांगतो, की निदान झालेल्या मधुमेहींपैकी ३६.३ टक्के लोकांचीच साखर आटोक्यात होती. साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल ही तिन्ही आटोक्यात असणारे होते अवघे ७.७ टक्के. निदान झाले, औषध सुरू झाले, पण आजार मात्र आत आपले काम करीत राहिला, असाच याचा अर्थ. मधुमेह हा सुखवस्तू लोकांचा विकार, ही समजूतही २०१७ मध्येच मोडीत निघाली. महाराष्ट्र, तामिळनाडू, चंडीगड यांसारख्या सधन प्रदेशांच्या शहरी भागात गरीब थरांतच त्याचे प्रमाण अधिक असल्याचे त्या वर्षी पंधरा राज्यांच्या पाहणीतून दिसले. ज्या रोगावर खासगी डॉक्टरांनी वर्षानुवर्षे दुकाने चालविली, तो आता सरकारी रुग्णालयाच्या दारात येऊन उभा आहे.

या रोगासाठी निराळे क्लिनिक कशाला हवे, असा प्रश्न अर्थ खात्याच्या एखाद्या फायलीवर सहज उमटू शकतो. त्याचे उत्तर रोगाच्या स्वभावात आहे. १९२० च्या दशकात इन्शुलिन आले आणि मधुमेही जगू लागला. पण दीर्घकाळ जगल्याने डोळे, मूत्रपिंड, मज्जातंतू आणि पाय यांची दुखणी पुढे आली. औषध देणारा एकटा डॉक्टर पुरत नाही, रुग्णाला शिकविणारी मंडळी हवीत, हे बॉस्टनच्या एलियट जोस्लिन यांनी त्याही आधीपासून ओळखले होते. भारतात प्रा. एम. विश्वनाथन यांनी १९५४ मध्ये चेन्नईच्या रोयापुरम भागात केवळ मधुमेहासाठी रुग्णालय उभारले. मुंबईत डॉ. एस. एस. आजगावकर यांच्या पुढाकाराने १९५५ मध्ये मधुमेहींची अखिल भारतीय संघटना निघाली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेह विभागात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी तर १९९३ पासून आसपासच्या सहा गावांतील माता आणि त्यांची मुले यांचा माग ठेवून, दिसायला किडकिडीत असणाऱ्या भारतीय बाळाच्याही अंगी चरबीचे प्रमाण अधिक असते, हे जगापुढे मांडले. ज्ञानाची उणीव या देशाला कधीच नव्हती.

चांगल्या मधुमेह क्लिनिकचे काम बाहेरून पाहणाऱ्याला अगदी साधे वाटेल. रुग्ण दर तीन महिन्यांनी येतो. मागील तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी होते. आहारतज्ज्ञ त्याच्या ताटात प्रत्यक्ष काय असते ते विचारून घेतो. इन्शुलिन घेणाऱ्याला सुई कोठे व कशी टोचावी, ते परिचारिका पुन्हा करून दाखविते. वर्षातून एकदा दृष्टिपटलाचे छायाचित्र निघते, लघवीतील प्रथिने मोजली जातात आणि तळपायाला नायलॉनचा बारीक तंतू टेकवून संवेदना शाबूत आहे की नाही, ते पाहिले जाते. या शेवटच्या तपासणीला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही आणि वेळ मिनिटांतच मोजावा इतका लागतो. पण ती चुकली, तर बधिर झालेल्या पायात रुतलेला खिळा रुग्णाला कळत नाही आणि कळतो तेव्हा अनेकदा बोट किंवा पाऊल कापण्याखेरीज गत्यंतर उरलेले नसते.

केंद्र सरकारने या दिशेने पाऊल टाकले ते २०१० मध्ये. कर्करोग, मधुमेह, हृदयविकार आणि पक्षाघात यांच्यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम प्रथम १०० जिल्ह्यांत सुरू झाला, पुढे देशभर पसरला आणि २०२३ मध्ये त्याचे नावही बदलले. आज त्याखाली जिल्हा पातळीवर सुमारे ७७० आणि सामुदायिक आरोग्य केंद्रांत सहा हजारांहून अधिक ‘एनसीडी क्लिनिक’ असल्याचे सरकार सांगते. कागदावर हे जाळे भव्य आहे. परंतु अनेक जिल्हा रुग्णालयांत क्लिनिक म्हणजे बाह्यरुग्ण विभागातील एक खोली, ग्लुकोमीटर, कंत्राटावरची परिचारिका, कंत्राटावरचा समुपदेशक आणि दिवसाचे आकडे संगणकात भरणारा कर्मचारी, एवढाच संसार असतो. डोळ्यांचा विभाग दुसऱ्या इमारतीत, प्रयोगशाळेची रांग तिसरीकडे आणि औषधांची खिडकी चौथीकडे. औषधे एका फेरीत महिन्याची मिळाली तर रुग्ण स्वतःला भाग्यवान समजतो. रोजंदारीवर जगणाऱ्यासाठी अशा प्रत्येक फेरीची किंमत एका दिवसाची मजुरी असते. मग फेऱ्या हळूहळू गळतात. गोळ्या संपल्या तरी काही दुखत नाही, ही या रोगाची सर्वांत घातक खोड आणि व्यवस्थेच्या दुर्लक्षाला ती उत्तम पांघरूण पुरविते.

येथे राजकारणाचा संबंध येतो. मधुमेहाच्या प्रवासात दोन टप्पे असे आहेत, की जेथे सरकार दिसते. पहिला टप्पा चाचणीचा. २०१७ पासून तिशीवरील सर्वांची तपासणी करण्याची मोहीम सुरू झाली. शिबिरे भरतात, फलक लागतात आणि तपासलेल्यांचे आकडे कोटींमध्ये जातात. दुसरा टप्पा शेवटचा. २०१८ मध्ये रांचीहून सुरू झालेली प्रधानमंत्री जन आरोग्य योजना कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देते आणि २०१६ च्या अर्थसंकल्पातून आलेला राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम निकामी मूत्रपिंडाच्या गरीब रुग्णाला जिल्हा रुग्णालयात मोफत डायलिसिस देतो. दोन्ही योजनांनी अनेकांचे प्राण वाचविले आहेत. परंतु जन आरोग्य योजना रुग्णालयात दाखल होणाऱ्यासाठी आहे. दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि घरी गेल्यानंतरचे १५ दिवस, एवढीच तिची औषधोपचारांची व्याप्ती. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती सत्तरीवरील सर्वांना खुली झाली, तेव्हाही बाह्यरुग्णाचा प्रश्न बाहेरच राहिला. परिणामी एक विलक्षण विसंगती निर्माण झाली आहे. पाय कापावा लागला तर त्याचे पैसे सरकार देते; पाय वाचविणाऱ्या क्लिनिकची फेरी मात्र या विम्यात बसत नाही.

चाचणी आणि शस्त्रक्रिया यांच्यामध्ये पंधरा-वीस वर्षे असतात. या वर्षांत उद्घाटन करण्याजोगे काही नसते. एखाद्याचे मूत्रपिंड निकामी झाले नाही, ही बातमी होत नाही. दृष्टी शाबूत राहिलेल्या माणसासोबत कोणी मंत्री छायाचित्र काढून घेत नाही. आजार लांबणीवर पडल्याचे श्रेय पाच वर्षांच्या मुदतीत मोजता येत नाही आणि जे मुदतीत मोजता येत नाही त्याला अर्थसंकल्पात वजन मिळत नाही, हा दिल्लीतला जुना नियम. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे आणि त्यातील दोन तृतीयांश किंवा अधिक वाटा प्राथमिक सेवेला देण्याचे ठरविले होते. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून त्याच वर्षी ३९.४ टक्क्यांवर आला, ही समाधानाची बाब खरी. पण आयुष्यभर औषध घेणाऱ्याला सरासरीचा दिलासा पुरत नाही. त्याचे बिल दर महिन्याला येते.

त्यात घटनेने आरोग्य आणि रुग्णालये राज्यसूचीत ठेवलेली. केंद्र कार्यक्रम आखते, बहुतेक राज्यांत खर्चाचे साठ टक्के उचलते आणि आपल्या नावाची पाटी मागते. राज्ये चाळीस टक्के घालतात, माणसे नेमतात आणि रांगेतला संताप सोसतात. आरोग्य व निरामयता केंद्रांना २०२३ मध्ये ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ हे नाव देण्यावरून काही राज्यांशी जेवढा वाद झाला, तेवढा त्या केंद्रांत मेटफॉर्मिन किती दिवसांची द्यावयाची यावर झाल्याचे ऐकिवात नाही. खुद्द दिल्लीत २०१५ पासून मोहल्ला क्लिनिकांच्या पाट्या लागल्या आणि २०२५ च्या सत्तांतरानंतर त्या जागी आरोग्य मंदिरांच्या पाट्या येऊ लागल्या. पाट्या बदलल्या की नोंदवह्या बदलतात आणि नोंदवह्यांबरोबर जुनाट आजाराच्या रुग्णाचा मागील इतिहासही हरवण्याचा धोका असतो.

राज्यांनी मनावर घेतले तर काय होते, याची उदाहरणे मात्र आहेत. तामिळनाडूने ऑगस्ट २०२१ मध्ये कृष्णगिरी जिल्ह्यातून ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम’ ही योजना सुरू केली. रक्तदाब आणि मधुमेहाची औषधे घरपोच देण्याच्या या योजनेला २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला. केरळने ‘नयनामृतम’ योजनेतून कुटुंब आरोग्य केंद्रातच दृष्टिपटलाचे छायाचित्र घेण्याची सोय केली, त्यामुळे रुग्णाला नेत्रतज्ज्ञाकडे खेटे घालावे लागत नाहीत. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी रुग्णालयांत औषधे मोफत केली. महाराष्ट्राने १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क केले आणि औषधखरेदीसाठी त्याच वर्षी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदाही केला. केसपेपरचे शुल्क माफ झाले हे चांगलेच. पण औषधाच्या खिडकीवर ‘बाहेरून घ्या’ असे उत्तर मिळाले, तर त्या माफीला अर्थ उरत नाही. प्राधिकरणाची खरी परीक्षा तेथेच आहे.

ही सारी राज्ये आपापल्या रहिवाशांचा विचार करतात आणि येथेच राज्याबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाची गाठ या प्रश्नाशी पडते. दिल्लीतील केंद्रीय अधिकाऱ्याला सीजीएचएसचे कार्ड असते. १९५४ मध्ये राजधानीत सुरू झालेल्या या योजनेच्या दवाखान्यांना आता वेलनेस सेंटर म्हणतात. तेथे नियमित औषधे मिळतात, साठ्यात नसलेले औषध इंडेंट करून मागविले जाते, तज्ज्ञाकडे जाण्यास चिठ्ठी मिळते आणि बदली होऊन नागपूर किंवा पुण्यास गेले तरी कार्ड चालते. तक्रारी आहेत, पण साखळी तुटत नाही. तोच अधिकारी निवृत्त होऊन सीजीएचएस नसलेल्या आपल्या तालुक्याच्या गावी परतला, की त्याला या योजनेऐवजी ठरावीक वैद्यकीय भत्ता घेता येतो. २०१७ मध्ये हा भत्ता दरमहा १,००० रुपये करण्यात आला. मधुमेहाबरोबर रक्तदाबही असलेल्या वृद्धाची औषधे आणि तपासण्या या रकमेत कशा बसवावयाच्या, हे ज्याचे त्याने ठरवावे.

दुसऱ्या टोकाला करोलबागेतील गलाई कारागीर आहे. सांगलीच्या खानापूर-आटपाडीतून आणि साताऱ्याच्या माण-खटावमधून निघालेली ही मंडळी सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायात दिल्लीपासून दक्षिणेतील शहरांपर्यंत पसरली आहेत. दिवसभर भट्टीजवळ बैठे काम, जेवणाच्या अनियमित वेळा आणि गावापासून हजार-पंधराशे किलोमीटरची दूरी. तो स्वतःच्या हिमतीवर जगतो, म्हणून राज्य कामगार विम्याच्या कक्षेत येत नाही. शिधापत्रिका गावची, म्हणून आशा कार्यकर्तीने घरोघर फिरून भरलेल्या यादीत त्याचे नाव गावी असलेच तर असते. भाड्याच्या खोलीच्या दारापर्यंत तशी यादी घेऊन सहसा कोणी येत नाही. दिवाळीला गावी गेल्यावर जिल्हा रुग्णालयात साखर तपासली जाते, महिन्याच्या गोळ्या मिळतात आणि दिल्लीत त्या संपतात. पुढच्या दिवाळीला तो पुन्हा ‘नवा रुग्ण’ म्हणून नोंदविला गेला, तर उद्दिष्टाच्या आकड्यात भर पडेल. त्याच्या डोळ्यांत मात्र अंधार वाढत गेलेला असेल. मुंबई-पुण्यात बिहार, उत्तर प्रदेशातून आलेल्या मजुराची कथा याहून निराळी नाही. शिधापत्रिका देशभर चालविण्याची व्यवस्था उभी राहू शकली. मग औषधाची चिठ्ठी देशभर का चालू नये? सप्टेंबर २०२१ मध्ये राष्ट्रीय डिजिटल आरोग्य मोहीम देशभर लागू झाली, ती याच आश्वासनावर. ओळख क्रमांक वाटून झाले. त्या क्रमांकावर परराज्यातील खिडकीवरून इन्शुलिन मिळणे अजून व्हावयाचे आहे.

विशेष क्लिनिके हा महागडा मार्ग आहे, दहा कोटी रुग्णांना तज्ज्ञ पुरविणे अशक्य आहे, तेव्हा सारा भर प्राथमिक केंद्रांवरच द्यावा, असा युक्तिवाद मंत्रालयात केला जातो. त्यात तथ्य आहे. साध्या मधुमेहींचा सांभाळ गावच्या केंद्रानेच करावयास हवा. परंतु प्राथमिक केंद्राला वरचा आधार लागतो. इन्शुलिन घेणारे लहान मूल, गर्भवती, जखम न भरणारा पाय, घसरत चाललेले मूत्रपिंड यांना धाडावयाचे कोठे, हे केंद्रातील डॉक्टरला माहीत नसेल, तर रुग्ण थेट दिल्लीच्या एम्ससमोरील पदपथावर रात्र काढावयास येतो. जिल्ह्याचे क्लिनिक सक्षम असणे ही चैन नव्हे, खालच्या आणि वरच्या व्यवस्थेला जोडणारा तो सांधा आहे. रक्तदाबाच्या बाबतीत २०१७ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांत सुरू झालेल्या नियंत्रण उपक्रमाने वाट दाखविली आहे. त्यात मोजक्या औषधांची एक ठरलेली पद्धत, अखंड साठा, परिचारिकांकडे सोपविलेला पाठपुरावा आणि मुख्य म्हणजे किती तपासले याऐवजी कितींचा दाब आटोक्यात आला याचे मोजमाप होते. या उपक्रमालाही २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी गौरविले. मधुमेहासाठी हेच का होऊ नये?

करावयाच्या गोष्टी अवघड नाहीत. पोर्टलवरील मुख्य आकडा ‘उपचाराखाली आलेल्यां’ऐवजी ‘साखर आटोक्यात असलेल्यां’चा असावा, तो आकडा लहान असेल आणि म्हणूनच उपयोगी असेल. स्थिर रुग्णाला एका फेरीत तीन महिन्यांची औषधे मिळावीत. इन्शुलिन ग्लार्जिनसारखी औषधे २०२२ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आली आहेत. ती जिल्ह्याच्या खिडकीवरही यावीत. डोळे आणि पाय यांची वार्षिक तपासणी एकाच दिवशी, एकाच छपराखाली व्हावी. एका जिल्ह्याची चिठ्ठी दुसऱ्या राज्यात ग्राह्य धरली जावी आणि तिच्या खर्चाची वजावट केंद्राने राज्याराज्यांत लावून द्यावी. जन आरोग्य योजनेच्या निधीतील थोडा भाग अशा क्लिनिकांकडे वळविला, तरी पुढे शस्त्रक्रियांवर होणारा बराचसा खर्च वाचण्याजोगा आहे.

पंधराव्या वित्त आयोगाचे अध्यक्ष एन. के. सिंह यांनी आरोग्य हा विषय समवर्ती सूचीत आणावा, अशी सूचना २०२१ मध्ये केली होती. सूची कोणतीही असो, जबाबदारी ठरविल्याशिवाय ती पार पडत नाही. केंद्र चाचणीचे आकडे मिरविते, राज्ये शस्त्रक्रियांचे आकडे मिरवितात आणि मधली वर्षे दोघांच्या हद्दीबाहेर पडतात. दहा कोटी मधुमेही मात्र याच हद्दीत राहतात. हे सारे मतदारही आहेत, याची जाणीव राजधानीला ज्या दिवशी होईल, त्या दिवशी कदाचित जिल्हा रुग्णालयातील त्या एका खोलीचे खरे क्लिनिक होईल. तोवर गलाई कारागिराच्या खिशातील गोळ्यांची पट्टी रिकामी होत राहील आणि सरकारी हिशेबात तो ‘उपचाराखाली’च राहील.